प्रतिसाद: स्वतः छापलेल्या पुस्तकाच्या ५०० प्रती घरात पडून आहेत, दुकानांत ठेवू का?

दुकानांत ठेवा, पण सगळ्या नको. २०० रुपये किमतीवर दुकानदाराची ४० टक्के सूट गेली की हाती १२० उरतात. छपाईच ८० ची असेल तर प्रतीमागे ४०, त्यातूनच वाहतुकीचं भाडं आणि मळून परत आलेल्या प्रतींचं नुकसान. उधारीवर पाच-पाचच प्रती द्या आणि चलानावर (माल दिल्याच्या कागदावर) सही-शिक्का, परतीची तारीख घ्याच. तोंडी हिशेब सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

तालुक्याची वाचनालयं मात्र सोडू नका. अनुदानाचा हप्ता आला की खरेदी होते, तेव्हा ग्रंथपालांना आधीच एक प्रत दाखवून ठेवा. त्यांना पक्कं बिल लागतं. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) फुकट मिळतो, पण तो छपाईआधीच घ्यायचा असतो.

गावाकडे विक्री हंगामावर चालते. कापूस-सोयाबीन विकल्याशिवाय खिशात पैसा नसतो. जूनमधलं प्रकाशन म्हणजे बियाण्याशी स्पर्धा! विषय जुळत असेल तर दसऱ्याच्या सुमारास नागपूरच्या दीक्षाभूमीवर किंवा मोझरीच्या तुकडोजी महाराज पुण्यतिथी महोत्सवात कुणाच्या तरी स्टॉलचा कोपरा वाटून घ्या. सुटे पैसे आणि क्यूआर, दोन्ही जवळ ठेवा.

आणि हो, गठ्ठे भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नका. वाळवी लागते.