गॅरेज लावताना कपाट घेऊच नका, भिंत पुरते

तेलकट बाही (धागाकर्ता)

घरच्या घरी गाडी खोलणाऱ्यांची एक ठरलेली चूक असते. दोन-तीन कामं जमली, अंगात जोर आला, की पहिली मोठी खरेदी म्हणजे चाकांची, ड्रॉवरवाली ट्रॉली. ती येते, निम्मी जागा खाते, आणि थोड्याच दिवसांत तिच्या तळच्या ड्रॉवरमध्ये जुनी वायपर ब्लेडं, सँडपेपरचे तुकडे आणि कशाचा आहे ते कुणालाच आठवत नाही असा एक बोल्ट जमा होतो.

माझं मत सरळ आहे. खिसा हलका असेल तर साठवणीवर पैसा घालू नका. १८ मिमीचं प्लायवूड भिंतीला पक्कं ठोका, त्यावर खिळे आणि हूक मारा, सगळे पाने उघड्यावर लावा. प्रत्येक पान्याभोवती जाड मार्करने त्याची आकृती काढा. संध्याकाळी एखादी आकृती रिकामी दिसली, की समजायचं पाना अजून गाडीत आहे.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. तेव्हा माझी सगळी हत्यारं ड्रॉवरमध्ये असायची. १० मिमीचा रिंग पाना रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर राहिला, बॉनेट लावलं, गाडी फिरवून आणली. पाना पंख्याच्या पट्ट्यापासून चार बोटांवर अडकलेला सापडला. ड्रॉवर बंद होता, मग आत काय नाही हे दिसणार कसं?

(आणि १०चाच का हरवतो याचं उत्तर: एम ६ (६ मिमी जाड) बोल्टचं डोकं बहुतेक १०चं असतं, आणि प्लास्टिकची कव्हरं, बॅटरीचे क्लॅम्प, अर्थची वायर, सगळीकडे एम ६. जो सतत हातात असतो तोच कुठेतरी विसरतो.)

साठवणीतून वाचलेला पैसा आधी उजेडावर घाला. छताच्या मधोमध एकच ट्यूब असेल तर ती गाडीचं टप उजळते. बॉनेट उघडलं की त्याचीच सावली इंजिनवर. गाडीच्या तोंडाकडे एक आणि दोन्ही बाजूंना एकेक ट्यूब, भिंतींना पांढरा रंग, एवढ्यानं काम निम्मं सोपं होतं. त्यानंतर जॅकच्या घोड्यांची (उचललेली गाडी धरून ठेवणाऱ्या स्टँडांची) एक चांगली जोडी. मग टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरलेल्या जोरानंच आवळायचा पाना. कामाचं टेबल जुन्या भरीव दरवाजाचं करा, उंची उभं राहिल्यावर आपल्या मनगटाएवढी.

बोला आता.

बंद पेटी

तुमची भिंत दिसायला झकास. पण तुम्ही गॅरेजात गाडी ठेवता की नुसती भिंत?

हिशोब करा. खोली ३ मीटर रुंद, गाडी साधारण १.७ मीटर. दोन्ही बाजूंना उरले ६५-६५ सेंटिमीटर. त्यात भिंतीवरून १५ सेंटिमीटर पुढे आलेली हत्यारं, आणि मग दार उघडून बघा. मी मागच्या डाव्या चाकापाशी आडवा पडलोय, आणि १४ची गोटी (सॉकेट) समोरच्या उजव्या भिंतीवर. प्रत्येक गोटीला एक प्रदक्षिणा! ट्रॉली चाकांवर असते ती काही शोभेला नाही.

दुसरी गोष्ट, ग्राइंडर चालवलात की त्याची बारीक धूळ सगळ्या उघड्या पान्यांवर बसते, आणि ती धूळ म्हणजे लोखंडाचा चुरा. दमट हवेत त्यावर गंज धरायला वेळ लागत नाही. माझ्या गोट्या पेटीत आहेत, तेलाचा हात पुसलेल्या. तुमच्या भिंतीवरच्यांचा फोटो वर्षानं बघू.

तेलकट बाही

रोज हातात असलेल्या पान्याला गंज धरत नाही. धरतो तो सहा महिने न उघडलेल्या पेटीतल्या पान्याला. पेटीत ओल शिरते ती बाहेर पडत नाही.

प्रदक्षिणेचं मात्र खरं आहे, ते मला लागलं. पण त्यावर उपाय ट्रॉली नाही. एक पसरट ट्रे घ्या, काम सुरू करण्याआधी लागतील ती सहा-सात हत्यारं भिंतीवरून काढून त्यात टाका, ट्रे चाकापाशी ठेवा. काम झालं की ट्रे रिकामा, भिंत भरलेली.

दुपारची पाळी

तुम्ही दोघंही हत्याराच्या जातीवर भांडताय. पाने एकीकडे, पकडी एकीकडे, गोट्या एकीकडे. मी काम बघून लावते. ब्रेकची पेटी, ऑइल बदलायची पेटी, वायरिंगची पेटी. पेट्या म्हणजे रंगाचे रिकामे डबे, धुऊन वाळवलेले.

ब्रेकच्या डब्यात काय आहे सांगते: तारेचा ब्रश, ब्रेकचं ग्रीस, पिस्टन मागे दाबायला सी-क्लॅम्प, हवा काढायची पारदर्शक नळी, आणि जाड तारेचा एस आकाराचा हूक. हा हूक कुणाच्याच भिंतीवर दिसत नाही. कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) काढला की तो स्प्रिंगला टांगायचा असतो, ब्रेकच्या होजवर लोंबकळत सोडायचा नसतो. पेटीत हूक आहे म्हणून मी तो वापरते. शोधावा लागला असता तर मीसुद्धा "पाचच मिनिटं" म्हणत कॅलिपर लोंबकळत ठेवला असता. मांडणीचा उपयोग इथे असतो. सुबक दिसण्याशी त्याचा संबंध नाही.

बंद पेटी

आणि १४ची गोटी? ती ब्रेकलाही लागते, ऑइललाही. प्रत्येक डब्यात एकेक? कमी पैशात म्हणालात ना?

दुपारची पाळी

गोट्या डब्यात नाहीतच. ज्याला दुसऱ्या कुठल्या कामात जागा नाही तेवढंच डब्यात. झाकणाच्या आतून कागद चिकटवलाय: "१४, १७, छोटा रॅचेट, टॉर्क रेंच घे." कागदाला पैसे पडत नाहीत.

सुटा नट

मला या सगळ्याचाच कंटाळा आलाय, म्हणून उलट बोलतो. पहिली चार-पाच कामं होईपर्यंत काहीच लावू नका. ना भिंत, ना पेटी, ना डबे. जमिनीवर पुठ्ठा अंथरा, त्यावर हत्यारं, काम करा. काम संपल्यावर पुठ्ठ्यावर बघा: तेलाचे डाग कशाला लागलेत आणि काय कोरं पडलंय. कोरं पडलेलं खोक्यात भरून माळ्यावर टाका.

आधी मांडणी करणारे लोक मी पाहिलेत. फरशीला इपॉक्सी मारतात, हूक रंगवतात, डब्यांना लेबलं लावतात. स्पार्क प्लग मात्र दुसऱ्याकडून बदलून घेतात. मांडणी हा काम टाळण्याचा फार प्रतिष्ठित मार्ग आहे.

आणि ते शंभर नगांचे संच कृपया घेऊ नका. त्यात ३० नग स्क्रू ड्रायव्हरचे बिट्स, १० नग कधीही न लागणारे. ८, १०, १२, १३, १४, १७, १९ आणि चाकासाठी २१, एवढ्या गोट्या सुट्या घ्या, सहा कोनांच्या. बारा कोनांची गोटी गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल करते आणि मग तुम्ही छिन्नी-हातोडीवर येता. (१२ आणि १३ दोन्ही का, तर एम ८ बोल्टला जपानी गाड्यांत बहुधा १२चं डोकं येतं, युरोपी गाड्यांत १३चं. तुमची एकच गाडी असेल तर त्यातली एक वाचली.)

तेलकट बाही

पुठ्ठ्याचं पटलं. पहिल्या कामांना भिंत नसली तरी चालेल, पण उजेड आणि घोड्या पहिल्याच दिवशी हव्यात, तिथे "नंतर बघू" नाही.

पुठ्ठ्याचा आणखी एक उपयोग. टायमिंग कव्हर किंवा गिअरबॉक्सचं कव्हर काढताना पुठ्ठ्यावर त्याची आकृती काढा, आणि प्रत्येक बोल्ट निघाला की त्याच जागी भोक पाडून खोचा. बोल्ट लांबीला वेगवेगळे असतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तो तळाला टेकतो, तुम्हाला वाटतं घट्ट झाला, आणि कव्हर सैलच. जोर लावलात तर अॅल्युमिनियमचं घर तडकतं.

बंद पेटी

यासाठी लोहचुंबकाची वाटी असते.

दुपारची पाळी

वाटीत सगळे बोल्ट एकत्र होतात. वाटी हरवू देत नाही, पण कुठला कुठला ते सांगत नाही. पुठ्ठा सांगतो.

धूर निघाला

इतका वेळ वाचतोय. पाने, गोट्या, पेट्या, पुठ्ठे. एकानंही पातळ पदार्थांचं नाव काढलेलं नाही. पाना चुकीच्या जागी राहिला तर शोधावा लागेल. पेट्रोल चुकीच्या जागी राहिलं तर शोधायला काही उरणार नाही. म्हणून जरा लांबण लावतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली बसते, जमिनीलगत पसरते, खड्डा असेल तर त्यात साचते. म्हणजे जमिनीवर ठेवलेला कंप्रेसर, जुना फ्रिज, एक्स्टेन्शन बोर्ड हे सगळे ठिणगीवाले नेमके वाफेत उभे. ते वर उचला. बॅटरी चार्ज करताना निघणारा हायड्रोजन उलट हलका, तो वर जातो. तिथे खिडकी उघडी हवी.

ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसला उकळतं, ओल शोषलेल्यासाठी हीच किमान मर्यादा १५५ वर येते. म्हणजे फळीवर दोन वर्षं अर्धवट उघडी पडलेली बाटली ही बचत नाही. छोटी बाटली घ्या, उरलेलं गाडीत घालू नका. आणि ते रंग खातं, म्हणून गाडीच्या वरच्या फळीवर तर मुळीच नको. खरं तर गाडीच्या वर काहीच टांगू नका.

कूलंट चवीला गोड आणि विषारी. ते पिण्याच्या बाटलीत भरून ठेवणाऱ्याला मी काय म्हणतो ते इथे लिहीत नाही. लहान मूल आणि कुत्रं-मांजर दोघांनाही ते ओढून घेतं. मूळ डब्यात, झाकण घट्ट, कुलपात.

तेलाची फडकी कोपऱ्यात ढीग करून नको, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. जवसाच्या तेलाची किंवा तसल्या वाळणाऱ्या पॉलिशची फडकी तर ढिगात आपोआप तापून पेटतात, काडी लावायला लागत नाही. ती पसरून बाहेर वाळवा. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर वेल्डिंग करू नका, त्यातून फॉसजीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

अग्निशामक दाराजवळ. आतल्या कोपऱ्यात नको. आगीतून जाऊन तो आणायचा असतो का? आणि अर्ध्या उघड्या शटरच्या भरवशावर इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सुटा नट

सगळं मान्य. पण अशी यादी वाचून नवा माणूस गॅरेजात पाऊलच टाकणार नाही.

धूर निघाला

नको टाकू दे. घाबरून बाहेर राहिलेला माणूस मला चालेल. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरणारा नाही चालणार. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला घोडी. जमिनीवर टेकलेल्या चाकांना ठोकळे, घोडी सपाट काँक्रीटवर, आणि खाली जाण्याआधी गाडीला कडेनं एक जोराचा धक्का. हलायची असेल तर तेव्हाच हलू दे.

बंद पेटी

इथे मी तुमच्या बाजूनं. एक भर: टॉर्क रेंच भिंतीवर टांगू नका. खिळ्यावरून पडला की त्याचा आकडा खोटा झाला, आणि वरून तो दिसायला तसाच. त्याच्या डबीतच ठेवा. क्लिकवाला असेल तर काम झाल्यावर स्केलच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याच्याही खाली नाही. चाकाचे नट बऱ्याच छोट्या गाड्यांना ८० ते १२० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात बघा. रेंच खोटं बोलत असेल तर त्या आकड्याचा काय उपयोग?

दुपारची पाळी

बाही, टेबल कुठे ठेवलंय तुम्ही? उंची सांगितलीत, जागा नाही.

तेलकट बाही

बाजूच्या भिंतीला होतं. पेटीवाल्यांचा ६५ सेंटिमीटरचा हिशोब वाचून काल टेप घेऊन मोजलं. टेबल ६० सेंटिमीटर खोल, म्हणजे गाडी आत असताना त्याच्यापुढे मी उभाच राहू शकत नव्हतो, आणि इतके दिवस गाडी बाहेर काढून काम करतोय हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आता ते समोरच्या आडव्या भिंतीला गेलं. व्हाइस त्याच्या कोपऱ्यावर, पायाच्या बरोबर वर, जबडा कोपराएवढ्या उंचीला. बाजूच्या भिंतीवर फक्त चपटं: रिंग पाने, लांब रॉड, फनेल. गोट्यांची पट्टी टेबलाच्या वर.

टॉर्क रेंच उतरवला. आकृती पुसली नाही, आत "डबीत" असं लिहिलं.

आणि धूरवाल्यांचं वाचून फळीवरचे सगळे डबे खाली काढले. ब्रेक ऑइलच्या तीन उघड्या बाटल्या निघाल्या. तिन्ही तळाशी बोटभर. ऑइल, कूलंट, क्लीनर यांच्यासाठी एक जुनं पत्र्याचं कपाट बघून ठेवलंय, कुलपाचं. पेट्रोल गॅरेजात ठेवणंच बंद.

बंद पेटी

म्हणजे शेवटी कपाट आलंच.

तेलकट बाही

आलं. पण पाने त्यात जाणार नाहीत.