अंतराळवीर की अंतराळयात्री?

भाचीच्या निबंधात 'व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा ही पहिली महिला अंतराळवीर' असं वाक्य मी घालून दिलं होतं. बाईंनी 'वीर' खोडून लाल शाईने 'यात्री' केलं. दोन्ही शब्दांच्या अर्थात काही फरक आहे का हो?

— आधी 'अंतराळ' बघा. अंतराळ म्हणजे मधली जागा. देवळात सभामंडप आणि गाभारा यांच्यामधल्या चिंचोळ्या भागालाही अंतराळच म्हणतात. सिन्नरच्या गोंदेश्वरात गेलात तर दोन पावलं तिथे थांबा. 'वीर' मात्र आपली भर. 'कॉस्मोनॉट' आणि 'ॲस्ट्रोनॉट' या दोन्हींच्या शेपटीला ग्रीक खलाशी आहे, एक विश्वातला, दुसरा ताऱ्यांमधला. आपण खलाशाला थेट वीरच करून टाकलं!

— मग बाईंचं बरोबर आहे. १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन व्होस्तोक-१ मधून १०८ मिनिटांत जाऊन आला, पण यान आपोआप चालत होतं. वजनरहित अवस्थेत माणसाचं डोकं ठिकाणावर राहील की नाही याची शंका, म्हणून हाताने चालवायची यंत्रणा कुलूपबंद. ती उघडायचा आकडा, १२५, बंद पाकिटात. हा प्रवासीच की.

— प्रवासी? परतताना यंत्रांचा भाग वेळेवर सुटा झाला नाही आणि गागारिन बसलेली कुपी गरगरत राहिली. पुढे सुमारे ७ किलोमीटर उंचीवर हा आसनासकट बाहेर फेकला गेला आणि पॅराशूटने वेगळा उतरला. विक्रमाच्या नियमात वैमानिकाने यानातूनच उतरायचं होतं, म्हणून सोव्हिएतांनी ते बरीच वर्षं दडवलं. तेरेश्कोव्हाही १९६३ मध्ये ४८ प्रदक्षिणा करून अशीच उतरली. गिरणीत काम करणारी, हौसेने पॅराशूटच्या उड्या मारणारी मुलगी. त्या उड्यांमुळेच तर निवडीत आली. तिला यात्री म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पैसे भरून जाणाऱ्या हल्लीच्या पर्यटकांना खुशाल म्हणा.

— 'यात्री' चूक नाही, इस्रोनेही 'गगनयात्री' घेतलाय. फक्त 'वीर' पुल्लिंगी म्हणून खोडला असेल तर ते पटत नाही. 'ती न्यायाधीश' चालतं, तसं 'ती अंतराळवीर'ही चालतं. 'वीरांगना' नको, पोवाड्यातली वाटते.

— आभार. भाचीला वाचून दाखवलं. ती विचारतेय, १९५७ च्या लायका कुत्रीला काय म्हणायचं? तिला परत आणायची सोयच नव्हती, मग यात्री कशी?