बदलाच्या काळात वरिष्ठांना प्रशिक्षण द्यावे, की आधी नियम बदलावेत?

धागाकर्ता

विलीनीकरण, नवी संगणक प्रणाली किंवा कामाची फेरमांडणी ठरली की वरिष्ठ अधिकाऱ्यांना निवासी प्रशिक्षणाला पाठवण्याचा प्रस्ताव हमखास पुढे येतो. या खर्चाचा बराचसा भाग वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. आमचे दोन विभाग एकत्र झाले तेव्हा आम्ही नऊ जण तीन दिवस अशा वर्गात होतो. शेवटच्या दुपारी भिंतीवरच्या मोठ्या कागदावर प्रत्येकाने आपला संकल्प लिहिला. 'निर्णय खालच्या पातळीवर सोपवीन' हा माझा होता. सोमवारी टेबलावर आलेल्या खरेदीच्या फाइलीला पूर्वीसारख्याच सात सह्या लागत होत्या आणि त्यांतली सातवी माझी होती. नियम जागचा हलला नव्हता, मग संकल्प पाळणार कसा?

हे जुनेच दुखणे आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन फ्लाइशमन यांनी १९५३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर या शेतीयंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या फोरमन मंडळींचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रशिक्षण संपताना त्यांची मते बदललेली दिसत; कारखान्यात परतल्यावर मात्र त्यांचे वागणे वर्गात शिकलेल्यापेक्षा त्यांच्या वरच्या साहेबाच्या वागण्यावर अधिक अवलंबून राहिले.

प्रतिसाद १

आपण दिलेला दाखला माझ्याच बाजूचा आहे. फोरमनच्या वागण्यावर साहेबाचा प्रभाव पडत असेल, तर शिक्षणाची सुरुवात साहेबापासून, आणि तीही संपूर्ण फळीला एकत्र बसवूनच व्हायला हवी.

सात सह्यांचा नियम बदलण्याचा अधिकार त्या नऊ जणांपैकी कोणाकडे तरी असणारच. तीन दिवसांत ती फाइल कोणी वर्गात आणली का? व्यवस्थापनाचे अभ्यासक रेग रेव्हन्स यांनी १९४० च्या दशकात ब्रिटनच्या कोळसा खाणींत याच विचाराने काम केले. खाण व्यवस्थापकांना व्याख्याने देण्यापेक्षा त्यांनी आपापल्या खाणीतल्या अडचणी एकमेकांपुढे मांडाव्यात आणि त्यातून शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. जनरल इलेक्ट्रिकने १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'वर्क-आउट' नावाच्या बैठका सुरू केल्या, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या बहुतेक सूचनांवर वरिष्ठाने सर्वांसमक्ष, तिथल्या तिथे 'हो' किंवा 'नाही' म्हणायचे, अशी रीत होती. शिकणे आणि नियम बदलणे ही दोन कामे तिथे वेगळी नव्हती. त्यामुळे दोष प्रशिक्षणाचा नसून रिकाम्या हाताने वर्गात जाण्याचा आहे, असे मला वाटते.

प्रतिसाद २

मी असे वर्ग घेतो, म्हणून एक निरीक्षण नोंदवतो. अवघड प्रश्न विचारला की उत्तर देण्याआधी अर्ध्या खोलीची नजर प्रमुखांकडे वळते. बाहेरचा माणूस ते शब्दांत मांडू शकतो. आतल्या माणसाला ते फार महागात पडते. संस्थांमधल्या वागण्याचे अभ्यासक ख्रिस आर्जिरिस यांनी दाखवून दिले होते की हुशार, यशस्वी माणसे चूक उघडी पडण्याच्या भीतीने स्वतःचा बचाव करतात आणि तिथेच त्यांचे शिकणे थांबते. केवळ परिपत्रक काढून ही सवय जात नाही.

प्रतिसाद ३

वरील दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे वर्गात बसलेल्यांची पदे सुरक्षित आहेत. विलीनीकरणात दोन वित्तप्रमुख असतात आणि खुर्ची एकच. त्या दोघांना शेजारी बसवून 'मोकळेपणाने बोला' म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण तिथे दिलेली कबुली उद्या निवडीच्या वेळी आपल्याविरुद्ध वापरली जाईल, ही त्यांची भीती खरी असते. मी अशा वर्गात होतो आणि तीन दिवस जपून बोललो. शेवटी अभिप्रायाच्या कागदावर सर्वांनी 'उत्तम' असे लिहिले. अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या ज्या चार पायऱ्या मांडल्या, त्यांत सहभागींची पसंती ही केवळ पहिली. शिकणे, वागण्यातला बदल आणि कामाचा परिणाम या तिच्या पुढच्या. बहुतेक ठिकाणी पाहणी पहिलीवरच थांबते. आधी पदे जाहीर करा, मग वर्ग भरवा.

धागाकर्ता

प्रतिसाद १ चा प्रश्न मला लागला. फाइल कोणीच आणली नव्हती, मीही नाही, आणि आणायला हवी होती हे मी मान्य करतो. तरीही माझा विरोध पूर्ण मावळलेला नाही. जिथे पदे ठरलेली आहेत, प्रमुख तिन्ही दिवस स्वतः हजर आहेत आणि कोणते नियम तिथेच बदलता येतील हे त्यांनी आधी लेखी कळवले आहे, तिथे मी प्रशिक्षणाच्या बाजूने मत देईन. यांतली एक जरी अट सुटली, तर तो पैसा व ते तीन दिवस त्या फाइलीसाठी ठेवावेत. आमच्याकडे आता सातच्या चार सह्या झाल्या आहेत. हा निर्णय लेखा विभागासोबतच्या दोन तासांच्या बैठकीत झाला.

प्रतिसाद १

त्या दोन तासांत तुम्ही नऊपैकी किती जण हजर होता, आणि उरलेल्यांना हा बदल कसा कळला, हे सांगाल का? माझे पुढचे म्हणणे त्यावरच अवलंबून आहे.