तिलापिया खाऊन संपेल, की विकून वाढेल?

कर्लीकाठ:
गटारीच्या आदल्या दिवशी बाजारात गेलो. समुद्रातली मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद, बर्फातल्या सुरमईचा भाव विचारायचीही छाती होईना. कोपऱ्यात एका मावशीने वाटे मांडलेले. "खाडीतली काळुंदरां, ताजी!" उचलून बघितलं, तर काळुंदराचे उभे पट्टे नाहीत की मोत्यासारखे ठिपके नाहीत. राखाडी अंग, पंखांना लालसर कड. सरळसरळ तिलापिया. गप्प बसलो आणि शंभराचा वाटा घेतला. (गटारीच्या तोंडावर मासेवाल्या मावशीशी भांडण काढणारा अजून जन्माला यायचाय.)

घरी आईने पोटातला काळा पडदा नखाने खरवडून काढला, मीठ-हळद चोळून तुकडे अर्धा तास ठेवले, सुटलेलं पाणी फेकलं आणि मग कोकमाचं आगळ लावलं. चिखलाचा वास गेला. रव्यात तळलेले तीन तुकडे संपवून बाबा म्हणाले, "काळुंदर कुठे गावली रे?"

मुद्दा असा. मासा मूळचा आफ्रिकेतला, भारतात आणला १९५२ साली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून पिल्लं वाचतात. तीच पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः अंड्यावर येतात. त्याला खारं पाणीही सोसतं, म्हणजे तळीतून व्हाळात (ओढ्यात) आणि व्हाळातून खाडीत जायला मोकळा. आमच्या तळीत पाग (फेकायचं जाळं) टाकला की टोपलीभर हेच निघतात. मग काळुंदराच्या नावाखाली चोरून कशाला? तिलापिया म्हणून उघड विका, उघड खा. खाऊनच तो संपेल.

खाजणबांध:
बाबांना खरं सांगितलंत का ते आधी सांगा.

बाकी तुमचं गणित उलटं आहे. ज्याला भाव मिळतो तो मासा संपत नाही, पाळला जातो. आफ्रिकन मांगूर आठवा. २००० साली त्याच्या पैदाशीवर बंदी आली, तरी चोरून पाळणारे थांबले का? रूपचंद घ्या. दक्षिण अमेरिकेतला पाकू, आणि आपल्याकडे पापलेट म्हणून लोकांच्या ताटात. उद्या तिलापियाला गिऱ्हाईक लागलं की जो तो शेततळ्यात सोडणार. कोकणातला पाऊस आणि शेततळं! मिरगाच्या दुसऱ्या आठवड्यात बांधावरून पाणी वाहतं, मासा व्हाळात.

गरीवाला:
आमी ल्हान असताना व्हाळार गरवूक जायचो तेव्हा खवळे, शेंगटी, कधीतरी मरळ गावायची. आता गरी टाकलंय की ह्योच काळो. परत पाण्यात सोडू काय? खावचो नाय तर काय पूजा करू?

वलगण:
कर्लीकाठ, तुमच्या आईची कृती लिहून घेतली. मत मात्र पटलं नाही, आणि खाजणबांध यांचंही नाही.

सगळं खापर तिलापियावर का? रोहू-कटला तरी कुठे कोकणातले? गंगेकडचे मासे, ते आपण धरणांत सोडले आणि आता "गोड्या पाण्यातले" म्हणून चवीने खातो. आपले मासे वर्षातून एकदा, पहिल्या पावसात चढणीला लागतात, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, पोटात गाबोळी (अंडी) घेऊन. नेमके तेव्हाच आपण बत्ती, काठ्या, जाळी घेऊन व्हाळावर उभे. उन्हाळ्यात कोंडीत (नदीच्या डोहात) ब्लिचिंग पावडर टाकणारेही आपल्याच वाडीतले. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही, तिथे ते अजून आहेत. बाकी कोंडी आपण रिकाम्या केल्या, मग त्या जागेत तिलापिया शिरला.

कर्लीकाठ:
चढणीचं मान्य. मीही लहानपणी बत्ती धरलीय, नाकारत नाही.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "मग परत आण."

खाजणबांध, अमेरिकेत इलिनॉय राज्याने २०२२ साली नद्यांत माजलेल्या परदेशी कार्प माशांना "कोपी" असं नवं नाव दिलं, लोकांनी खावेत म्हणून. ते वेडे आहेत का?

खाजणबांध:
वेडे नाहीत, उशिरा जागे झालेले आहेत. ते कार्प तिथल्या नद्यांत आले कुठून? दक्षिणेकडच्या मत्स्यतळ्यांतून निसटून, १९७० च्या दशकात. मी तेच तर सांगतोय!

आणि खाऊन संपेल म्हणता, तर पागात येतो कोण? मोठा. गर्दी झाली की हा मासा वितभर व्हायच्या आधीच अंडी देतो. मोठे तुम्ही तळलेत, बारीक तळीत राहिले, त्यांना खायला जास्त मिळालं. बारीक धरायला बारीक आसाचं (भोकांचं) जाळं लावलंत, तर शेंगटीची पिल्लंही त्यातच मरणार.

वलगण:
हा मुद्दा खरा आहे. जाळ्याला काय कळतं कोण पाहुणा आणि कोण घरचा.

कर्लीकाठ:
बरं, थोडा मागे येतो. बाजारात मेलेलाच यावा, जिवंत नाही. त्याचं बीज (पिल्लं) विकणाऱ्याला दंड. शेततळ्यात बंदी. आणि तळीतला मासा धरायचा तर एप्रिल-मेमध्ये, पाणी गुडघ्याएवढं असताना. म्हणजे हाताने निवडता येतो, शेंगटी-मरळ बाजूच्या घमेल्यात ठेवून परत सोडता येते.

गरीवाला:
दंड कोण घेतलो? तलाठी व्हाळात उतारतलो?

कर्लीकाठ:
तलाठ्याचं सोडा. पावसाळा असला तरी आमच्या तळीला पाणी अजून जेमतेम आहे, वरची पाण्याची चर फुटून वाहू लागलेली नाही. रविवारी सहा जण उतरतोय. मोठे वाडीत वाटणार, बारीक सगळे माडांच्या बुडात. विकायचा एकही नाही. झालं समाधान?

खाजणबांध:
अर्धं. घमेल्यात आपले किती निघतात ते मोजून इथे लिहा. आणि काळुंदर निघाली तर फोटो टाका, नुसतं सांगू नका. तुमच्या घरात ती ओळखणारा एकच माणूस आहे आणि तो त्या दिवशी गप्प बसला होता.