आवक चढलेली असताना ऑटोहॉटकी २.० टाकावी का?

लातूरचा मुनीम
आडतीच्या पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या) भरणारे मॅक्रो, म्हणजे आपोआप टायपिंग-क्लिक करणाऱ्या स्क्रिप्ट, अजून बहुतेक ठिकाणी ऑटोहॉटकी १.१ वर चालतात. ऑटोहॉटकी ही विंडोजवर असे मॅक्रो लिहायची भाषा. एक्सेलच्या यादीतून शेतकऱ्याचं नाव, गाव, कट्टे, वजन, भाव उचलायचा आणि हिशोबाच्या प्रोग्रॅममध्ये टाकायचा, एवढंच काम. २.० डिसेंबर २०२२ मध्ये आली, १.१ ची शेवटची दुरुस्ती मार्च २०२४ ची. तेव्हापासून जो तो "अपडेट मारा" म्हणायलाय. माझं म्हणणं सरळ आहे: सोयाबीनची आवक असेपर्यंत हात लावू नका. २.० ला अपडेट म्हणणंच चूक, ती वेगळी भाषा आहे. १.१ मध्ये सेंड (कळा पाठवायची आज्ञा) लिहून पुढे नुसता मजकूर चालायचा, २.० ला तो अवतरण चिन्हात लागतो. बरोबरच्या चिन्हाने व्हेरिएबलला किंमत देणं बंद, तिथे कोलन-बरोबर हवं. तीनशे ओळींच्या मॅक्रोत निम्म्या ओळी बदलाव्या लागतील. चालत्या गाडीची खीळ कशाला काढायची?

नांदेड डीटीपी
गाडी चालते हाच भ्रम आहे. १.१ मध्ये विनअॅक्टिव्हेटला (खिडकी पुढे आणायची आज्ञा) खिडकी सापडली नाही तर ते गप्प बसतं आणि पुढची सगळी टायपिंग समोर जे उघडं असेल त्यात जाते. शेतकऱ्याचा भाव व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पडला तर जबाबदार कोण? २.० तिथेच त्रुटी दाखवून थांबते.

दुसरं, मराठी. १.१ ला फाइल बॉमसह (फाइलीच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) यूटीएफ-८ या मराठी धरणाऱ्या एन्कोडिंगमध्ये जतन केलेली नसेल तर स्क्रिप्टमधली औसा, निलंगा, अहमदपूर ही गावं कचरा होऊन उमटतात. नोटपॅडमध्ये "सेव्ह अॅज" करताना एन्कोडिंग चुकलं की झालं. २.० मुळातच यूटीएफ-८ धरून वाचते.

लातूरचा मुनीम
बॉम एकदा लावला की १.१ सुद्धा मराठी नीट वाचते, त्यासाठी भाषा बदलायची गरज नाही. आणि त्रुटी दाखवून थांबणं म्हणजे दोनशे पट्ट्यांतल्या चाळिसाव्या पट्टीवर चौकट उघडून बसणं. बाहेर शेतकरी पट्टीसाठी ताटकळतोय, त्याला काय सांगायचं?

नांदेड डीटीपी
चाळिसावीवर थांबलं तर एकच पट्टी तपासावी लागेल. न थांबता पुढे गेलं तर संध्याकाळी एकशे साठ. हमाली-तोलाईचा मेळ लागत नाही तेव्हा कळतं.

परभणीकर
तुम्ही दोघं व्याकरणावर भांडताय. मॅक्रो बिघडतो तो न दिसणाऱ्या बदलांनी. अवतरण चिन्ह राहिलं तर चालू करतानाच ओरडा होतो, तो लगेच सापडतो. खालचे तीन ओरडत नाहीत:

माउसची जागा. १.१ मध्ये निर्देशांक खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजतात, शीर्षकपट्टी धरून. २.० पट्टी सोडून आतल्या भागापासून मोजते. जुने आकडे तसेच ठेवले तर १०० टक्के स्केलिंगला (विंडोजमधला पडद्यावरच्या मजकुराचा आकार) क्लिक सुमारे ३० पिक्सेल खाली पडतं, मेनूपट्टी असेल तर आणखी खाली. म्हणजे वजनाच्या रकान्याऐवजी त्याखालचा रकाना. सुरुवातीला कोऑर्डमोड माउस, विंडो करून टाका, मोजणी पुन्हा खिडकीच्या कोपऱ्यापासून होईल.

टायपिंगचा वेग. १.१ चा सेंड मुळात इव्हेंट पद्धतीचा होता, प्रत्येक कळीनंतर १० मिलिसेकंद थांबायचा. २.० ची मूळ पद्धत इनपुट, ती एका दमात सगळं ओतते आणि सेटकीडिले (कळींमधला थांबा ठरवायची आज्ञा) मानतच नाही. जुन्या हिशोबाच्या प्रोग्रॅमला हा मारा झेपत नाही: ४५२० चं ४२० होतं. म्हणून सेंडमोड इव्हेंट, सेटकीडिले ३० लिहा. थोडा जास्त वेळ लागला तरी चालेल.

खिडकीचं नाव. १.१ नावाची सुरुवात जुळवते, २.० नावात कुठेही सापडलं तरी धरते. "आवक" शोधायला सांगितलं आणि "जुनी आवक" ही खिडकीही उघडी असेल तर ती पकडली जाऊ शकते. सेटटायटलमॅचमोड १ लिहा, पुन्हा सुरुवातच जुळवेल.

आणि नांदेडकर, तुमचं अर्धंच खरं. विनअॅक्टिव्हेट त्रुटी देतं, विनवेटअॅक्टिव्ह (खिडकी पुढे येईपर्यंत थांबायची आज्ञा) देत नाही. वेळ संपली की ते शून्य परत करतं आणि पुढची ओळ चालू होते. ते शून्य तपासलं नाही तर २.० वरही भाव भलतीकडेच जाणार.

नांदेड डीटीपी
शून्याचं मान्य. पण हे तिन्ही मुद्दे माझ्याच बाजूचे आहेत, सुरुवातीच्या चार ओळींत निपटतात.

लातूरचा मुनीम
ओळी चार, पण त्या लागतात हे कळायला किती पट्ट्या चुकायच्या? परभणीकरांची ही यादी दुकानात बसलेल्या पोराला ठाऊक नसते.

उदगीर संगणक
दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर राहतात, हे कुणी बोलेचना. २.० चं इन्स्टॉलर १.१ ला धक्का लावत नाही. जुन्या फाइलींच्या डोक्यावर #रिक्वायर्स ऑटोहॉटकी व्ही१.१.३३+ आणि नव्यांवर #रिक्वायर्स ऑटोहॉटकी व्ही२.० लिहा, २.० बरोबर येणारा लाँचर ज्या आवृत्तीची फाइल तिला देतो. एक्सई (स्वतंत्र चालणारी फाइल) करून ठेवलेल्या मॅक्रोंत त्यांचं इंजिन आतच असतं, त्यांना अपडेटने काही होत नाही. मात्र अशा एक्सईवर अँटिव्हायरस उगीच संशय घेतो, म्हणून मूळ फाइल पेनड्राइव्हवर हवीच.

हिशोबाचा प्रोग्रॅम अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असेल आणि मॅक्रो साधा, तर कळा पोचतच नाहीत. त्याचा दोष आवृत्तीला देऊ नका, विंडोजच अडवते. दोन्ही एकाच अधिकाराने चालवा.

लाइट गेली तर काय, हे १.१ वाल्यांनीही पाहिलेलं नाही. प्रत्येक पट्टी जतन झाल्यावर तिचा क्रमांक आयएनआयराइट या आज्ञेने फाइलीत लिहा, चालू करताना तिथून पुढे. नाहीतर इन्व्हर्टर बसल्यावर त्याच पट्ट्या दुबार.

लातूरचा मुनीम
शेजारी शेजारी ठेवायला हरकत नाही. पण चालतं काम १.१ वरच. नवा मॅक्रो हिशोबाच्या प्रतीवर, जुन्या दिवसाच्या वीस पट्ट्या घालून चालवा. त्यात एक नाव लांब, एक भाव पाच आकडी, एक पट्टी शून्य हमालीची हवी. कट्टे, वजन आणि हमालीची बेरीज जुन्याशी जुळली तरच पुढचं बोलू.

परभणीकर
स्केलिंग १२५ टक्के करूनही एकदा चालवा. दुकानात नवा लॅपटॉप आला की तो बऱ्याचदा तसाच येतो.