मदत हवी आहे: स्कॅनमध्ये 'इंटरमीजिएट प्रोबॅबिलिटी' म्हणजे फुप्फुसात गुठळी आहे की नाही?

शंकेखोर: आईचा व्ही/क्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते बघणारा) झाला, रिपोर्टात लिहिलंय इंटरमीजिएट प्रोबॅबिलिटी फॉर पल्मनरी एम्बोलिझम. गुठळी आहे की नाही एवढंच विचारतोय, डॉक्टर उद्या राउंडला येणार, नर्स म्हणते त्यांनाच विचारा. सरळ भाषेत सांगा कोणीतरी, लवकर.

रिकामटेकडा: सीटी अँजिओ (डाय टोचून रक्तवाहिन्यांचा सीटी) का नाही केला? आमच्या काकांचा लगेच निकाल लागला. व्ही/क्यू आता कोण करतं.

गॅमाकॅमेरा: कोण करतं म्हणजे? क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी कमजोर असली किंवा डायची ॲलर्जी असली की हाच करतात. @शंकेखोर, डिफेक्ट (रिकामे दिसणारे भाग) मॅच्ड लिहिलेत की मिसमॅच्ड? रक्ताच्या फोटोत एक भाग रिकामा पण हवेच्या फोटोत तोच भाग भरलेला, म्हणजे मिसमॅच्ड, तर गुठळीचा संशय. आणि एक्सरे कसा आहे?

निवांत: रेडिएशनला घाबरू नका हं, स्कॅनसाठी देतात ते किरणोत्सर्गी टेक्नेशियम दर 6 तासांनी निम्मं होतं.

रिकामटेकडा: कोणी विचारलं?

शंकेखोर: किडनीमुळेच हा केला, ते उघड आहे ना. दोन्ही प्रकारचे लिहिलेत. एक्सरेत सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा आजार), तो जुनाच आहे, त्याचा काय संबंध?

गॅमाकॅमेरा: तोच तर संबंध! सीओपीडीत हवाही नीट जात नाही, रक्तही कमी जातं, मग स्कॅन मध्येच लटकतो, तेच इंटरमीजिएट: गुठळी आहे असंही नाही, नाही असंही नाही. नुसत्या स्कॅनवर जाऊ नका, 1990 च्या पायोपेड या व्ही/क्यू स्कॅनवरच्या अभ्यासात डॉक्टरांना दाट संशय असताना स्कॅनमध्ये लो प्रोबॅबिलिटी (कमी शक्यता) आलेल्यांपैकी 40 टक्क्यांना गुठळी निघाली होती.

रिकामटेकडा: डी-डायमर (गुठळीची रक्ततपासणी) करा की मग.

गॅमाकॅमेरा: संशय कमी असेल आणि तो निगेटिव्ह आला तरच उपयोग. वयाबरोबर तसाही वाढतो, म्हणून पन्नाशीनंतर 500 ऐवजी वयाच्या दहापट कटऑफ धरतात.

शंकेखोर: तुमचं भांडण नंतर करा. रक्त पातळ करायचं इंजेक्शन रात्रीच सुरू केलंय, म्हणजे गुठळी आहे असंच धरलंय का?

गॅमाकॅमेरा: अहो हे आधी सांगायचं ना! संशय दाट असला की निकालाची वाट न बघता देतात, त्यावरून आहेच असं नाही. पायांचा डॉप्लर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) झाला का? तिथे गुठळी सापडली तर औषध तेच, फुप्फुसाचा हट्ट धरायची गरज नाही. एखादा पाय सुजलाय?

शंकेखोर: डॉप्लर नाही झालेला. डावी पोटरी दुखते म्हणत होती, पण तिला संधिवात आहे.

गॅमाकॅमेरा: एकच पोटरी? उठा, आत्ता जाऊन ड्युटी डॉक्टरांना हे सांगा, उद्याच्या राउंडची वाट बघू नका.

निवांत: आणि पोटरी चोळू नका कोणी.