मोठ्या मुलांसोबत एका दिवसात मुंबई: तुमचे अनुभव सांगा

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. परवा रात्री जेवताना लेकीने (नववीत आहे) विचारलं, "आई, तू मुंबई पहिल्यांदा कधी बघितलीस?" आणि परळचे काका डोळ्यांपुढे उभे राहिले. काका मिलमध्ये होते. आम्ही भावंडं सुट्टीत कराडहून गेलो की एक अख्खा दिवस ते आम्हाला फिरवायचे. बेस्टच्या दुमजली बसमध्ये वरची, अगदी पुढची सीट मिळावी म्हणून आलेली बस सोडून द्यायचे. राणीची बाग, म्हातारीचा बूट, चौपाटीची भेळ. भेळ खाऊन झाली की एकेकाला विचारायचे, "सगळ्यात काय आवडलं?" आणि सगळ्यात धाकट्याचंही पूर्ण ऐकून घ्यायचे. त्या वयात आमचं इतकं कोण ऐकत होतं!

काका आता नाहीत. चाळही नाही, तिथे टॉवर झालाय. मला तसा एक दिवस आमच्या मुलांना द्यायचाय. लेक, पुतण्या (अकरावी) आणि भाची (सातवी). महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटी, रात्री त्याच गाडीने परत, मुक्काम नाही. लहान मुलांना कुठे न्यायचं ते कुणीही सांगतं. या वयाच्या पोरांचं काय करायचं? तुम्ही नेलं असेल तर काय आवडलं, कशाला कंटाळली, सगळं लिहा. लांबलं तरी चालेल.

ठाण्याची_मंजू
आधी वार ठरव गं. सोमवारी घारापुरीची लेणी बंद, तारांगण पण बंद. बुधवारी राणीची बाग बंद, शेजारचं भाऊ दाजी लाड म्युझियम पण बंद. रविवारी मेगाब्लॉक. मंगळ, गुरू, शुक्र यातला बघ. बाकी नंतर लिहिते कुकर लावलाय

दोन_टीनेजर्सची_आई
प्लॅन तू करूच नकोस, त्यांना करू दे. आमच्याकडे नियम असा की प्रत्येकाने एक जागा निवडायची, का निवडली ते सांगायचं, आणि दुसऱ्याच्या जागी तोंड वाकडं करायचं नाही. पैसे मोठ्याच्या हातात. दिवसाचा खर्च ठरवून एका पाकिटात दिले, टॅक्सी केली तर आईस्क्रीम कमी होणार हे त्याचं त्यालाच कळलं. मग सगळे मुकाट चालले!

मुलाने निवडलं सीएसएमटी स्टेशन. मला वाटलं स्टेशनात काय बघायचं, रोजचंच. पण समोरच्या फुटपाथवर उभं राहून त्याने एकेक दाखवायला सुरुवात केली. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. बांधायला १८७८ ते १८८८ लागली, स्टीव्हन्स नावाचा वास्तुविशारद. भिंतीवर दगडात कोरलेले मोर, माकडं, पानं. इतकी वर्षं त्या स्टेशनातून जातेय, मान वर करून कधी बघितलंच नव्हतं. मुलगा सांगत होता आणि मी ऐकत होते, फार छान वाटलं.

डोंबिवली_फास्ट
सीएसएमटीला उतरताय तर समोर 'आराम' हॉटेल. वडापाव खाल्ल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही

गिरगावकर_जुना
आराम चांगलंच आहे, पण दादरला उतरलात तर मामा काणे. १९१० पासूनचं आहे. तिथला बटाटेवडा पावाशिवाय खायचा.

डोंबिवली_फास्ट
पावाशिवाय??? काका हा वेगळा धागा होईल 😄

ठाण्याची_मंजू
काढाच. मी येते तिकडे.

शाळामास्तर
मी इतिहास शिकवतो, दरवर्षी आठवी-नववीची मुलं घेऊन फोर्टमध्ये चालतो. सीएसएमटी ते गेटवे, रमत गमत. अंतर फार नाही, अडीच किलोमीटरच्या आसपास.

मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, फोर्ट म्हणता, मग किल्ला कुठंय?" मी आधी उत्तर देत नाही. स्टेशनच्या मागच्या बाजूला सेंट जॉर्ज हॉस्पिटलजवळ जुन्या तटाचा एक तुकडा शिल्लक आहे, तो दाखवतो. बाकीचा तट १८६०च्या दशकात पाडला. शहर आत मावेना झालं होतं आणि पैसा धो धो येत होता. पैसा कुठून? १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. इथे मुलं चालता चालता थांबतात. अमेरिकेत लढाई आणि मुंबईत इमारती, हे त्यांना एकदम पटतं. मग राजाबाई टॉवर दाखवायचा. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने पैसे दिले, आईचं नाव दिलं. २८० फूट, १८७८ साली पुरा झाला. आईला दिसत नव्हतं, टोल ऐकून संध्याकाळच्या जेवणाची वेळ कळावी म्हणून बांधला असं सांगतात.

ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं करा त्यांना. एका बाजूला ही दगडी गॉथिक रांग, पाठीमागे वळलं की गोलाईच्या बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. दोन्ही मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत आल्या. मैदानावर क्रिकेट चालूच असतं, पोरांना तेही हवंच असतं.

हुतात्मा चौकात मात्र घाई करू नका. फ्लोरा फाउंटन १८६४चं आहे, पण आपल्यासाठी तो चौक संयुक्त महाराष्ट्राचा. गोळीबारात माणसं गेली तेव्हा कुठे १ मे १९६० उजाडला. तुमच्या काकांसारखे गिरणी कामगार त्या लढ्यात मोठ्या संख्येने होते, हे मुलांना तिथेच उभं राहून सांगा.

कृष्णाकाठची
सर, हे वाचून गलबलून आलं. आमचे आजोबा त्या मोर्च्यांबद्दल सांगायचे. नक्की सांगेन.

निशिगंध७
वाचतेय. आमची अजून लहान आहेत पण साठवून ठेवते.

पनवेलची_सून
घारापुरी सोडू नका!! माझा भाचा दहावीचा, घरातून निघतानाच कानात इयरफोन. गेटवेहून लाँच सुटली आणि वरच्या डेकवर गेल्यावर (त्याचे थोडे जास्त घेतात) स्वतःहून बोलायला लागला. नौदलाची जहाजं, तेलाच्या टाक्यांचं बेट, पलीकडे जेएनपीटी बंदराच्या क्रेन. तासभर लागतो. हिवाळ्यात समुद्रपक्षी लाँचच्या बरोबरीने उडत येतात, लोक त्यांना वेफर्स टाकतात, ते करू नका, पक्ष्यांना बाधतं.

वर शंभराहून जास्त पायऱ्या. आतली सदाशिवाची त्रिमूर्ती जवळजवळ २० फूट. अंधारात डोळे सरावले की ते मुख हळूहळू दिसायला लागतं. भाचा तिथे बराच वेळ बसून राहिला, आम्ही कुणी हाक मारली नाही.

आणि त्याला सगळ्यात जास्त काय लक्षात राहिलं? या बेटावर वीज २०१८ मध्ये आली, समुद्राखालून केबल टाकून. मुंबई इथून दिसते आणि इथल्या मुलांनी कंदिलावर अभ्यास केला, हे तो घरी येऊन सगळ्यांना सांगत होता.

माकडांपासून बाटल्या सांभाळा. थंड पेयाची बाटली हातातून नेतात.

शाळामास्तर
याला जोडून: ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर आहे. इंग्लंडला न्यायला उचलताना तुटला, पुढे तुकडे जोडून उभा केला. दोन्ही एका दिवसात होणार नाही, पण मुलांना गोष्ट सांगता येईल.

ठाण्याची_मंजू
आले परत. एक कुणी बोलत नाही म्हणून मी लिहिते. मुली बारा-चौदाच्या असतील तर बॅगेत पॅड, एक जास्तीची पँट, कागदी पिशवी असू दे. माझ्या लेकीची पाळी अशाच एका दिवशी, बाहेर असताना पहिल्यांदा आली. बिचारी रडवेली झाली, भाऊ सोबत. एका अनोळखी बाईंनी ओढणी काढून दिली कमरेला बांधायला, नावसुद्धा विचारायचं राहिलं. स्वच्छतागृहं म्युझियममध्ये बरी आहेत, तिकीट काढून आत गेलात की आधी तिथे जाऊन घ्या.

दोन_टीनेजर्सची_आई
मंजू, 🙏 त्या बाईंचं भलं होवो. लेक कशी आहे आता?

ठाण्याची_मंजू
मस्त. बारावीला आहे. आता तीच जादा पॅड घेऊन फिरते, मैत्रिणींसाठी.

पनवेलची_सून
किती गोड गं ती

लंडनचा_सांगलीकर
मुंबई नाही, पण विषय तोच म्हणून लिहितो. आई-बाबा सांगलीहून आले होते आणि माझी मुलं तेरा आणि पंधरा. मुलांना तीच ती ठिकाणं पुन्हा नको होती. म्हटलं चला, १० किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकत असताना तिथे राहिले, २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर घेतलं. साधं, रांगेतलं घर. इथे जन्मलेल्या माझ्या मुलांना बाबांनी बसून सांगितलं की हा माणूस ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचत बसायचा. आजोबा-नातवंडांचं इतकं लांब बोलणं मी याआधी ऐकलं नव्हतं. तिथून चालत प्रिमरोज हिलवर गेलो, टेकडीवरून अर्धं शहर दिसतं. घरून नेलेल्या पोळीभाजीचं जेवण. बाबांनी चितळेंची बाकरवडी काढली, ती दोन मिनिटांत संपली.

गिरगावकर_जुना
आई आता कशा आहेत? मागे गुडघ्याच्या ऑपरेशनचं लिहिलं होतंस.

लंडनचा_सांगलीकर
बरी आहे काका, काठीशिवाय चालते. गणपतीला येतोय आम्ही, भेटू.

पुणेकर_मी
मोठी मुलं म्युझियममध्ये कंटाळतात असं सगळे म्हणतात, मला पटत नाही. सगळं बघायला लावलं की कंटाळतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आम्ही फक्त दोन दालनं बघायची ठरवली होती. लेकाने असिरियाची (प्राचीन इराकमधली) शिल्पं निवडली, निमरुदच्या राजवाड्यातल्या भिंतींवरची. दगडातली दाढीची एकेक बट दिसते. लेकीने प्राणी-पक्ष्यांचं दालन. मग बाहेर बागेत बसून पाणी प्यायलो, घुमट बघत. जॉर्ज विटेटची इमारत, गेटवे पण त्याचंच. हे कळल्यावर गेटवेला पोचून दोघं साम्य शोधत बसले.

पुण्यात केळकर संग्रहालयात पण हेच करा. अडकित्ते आणि दिवे, बस्स. दिनकर केळकरांनी ते सगळं गेलेल्या लहानग्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभं केलं, एवढं सांगितलं तरी मुलं वस्तूंकडे वेगळ्या नजरेने बघतात.

डोंबिवली_फास्ट
जुन्या दुमजली बस २०२३च्या सप्टेंबरमध्ये बंद झाल्या ताई. आता विजेवरच्या, एसी. सीएसएमटीहून एनसीपीएकडे (नरिमन पॉइंटचं नाट्यगृह) जाणारी मिळते. वारा नाही लागत पण वर पुढची सीट आहे. एक बस सोडायला लागली तरी सोडा, काकांसारखी

कृष्णाकाठची
सोडणारच! सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांना हे सगळं वाचून दाखवलं. पुतण्याला तटाचा तुकडा आणि असिरिया, लेकीला ओव्हलवर बसून चित्र काढायचंय, भाचीला फक्त लाँच. घारापुरीला अर्ध्याहून जास्त दिवस जाईल म्हणून तिघांचं जोरदार भांडण चालू आहे.

दोन_टीनेजर्सची_आई
भांडू दे. गेटवेहून बंदरातच छोटी फेरी मारणाऱ्या लाँच असतात, बेटावर न जाता परत आणतात. भाचीला विचार चालेल का.

शाळामास्तर
उत्तम तोड. मग क्रम असा जमेल: तट, हुतात्मा चौक, एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्या (भाचीला मोजायला सांगा), संग्रहालय, गेटवे आणि फेरी, ऊन उतरल्यावर ओव्हल, शेवटी मरीन ड्राइव्हने चौपाटी.

गिरगावकर_जुना
चौपाटीहून परतायला टॅक्सी नको. २०२५च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू आहे. गिरगाव स्टेशनला बसा, पुढचं काळबादेवी, त्यापुढचं सीएसएमटी. आमच्या घरांच्या खालून गाडी जाते, अजून खरं वाटत नाही. बांधकाम चालू असताना फार त्रास काढला लोकांनी, पण पोरांना दाखवा, मुंबईच्या पोटात काय काय झालंय ते. आणि वेळ असेल तर ठाकूरद्वारला विनय हेल्थ होममध्ये मिसळ.

कृष्णाकाठची
काका, भेळ की मिसळ हे मी मुलांवर सोडते. बॅगा कुठे ठेवायच्या? सकाळी तोंड धुवून कपडे बदलायचे आहेत.

डोंबिवली_फास्ट
सीएसएमटीला क्लोक रूम आहे. बॅगेला कुलूप लागतं, नाहीतर घेत नाहीत. तिकीट जवळ ठेवा. आंघोळ-बिंघोळ वेटिंग रूमला.

ठाण्याची_मंजू
आणि रात्रीचा डबा बांधून घे गं. महालक्ष्मी रात्री सुटते, पोरं दमून भुकेली असतात.

पनवेलची_सून
धपाटे ने. टिकतात. सोबत शेंगदाण्याची चटणी

कृष्णाकाठची
धपाटेच. सासूबाईंनी आत्ताच पीठ किती लागेल ते विचारलं. वार गुरुवार ठरला.